विश्लेषण : अपुऱ्या दिवसांचे बाळ वाचले, पण पुढे त्याची साखर, रक्तदाब कोण पाहणार?

ऑगस्ट २०२२. देशभर स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव सुरू होता. त्याच दिवसांत मोखाडा तालुक्यातील बोटोशी ग्रामपंचायतीच्या मर्कटवाडीतून एका महिलेला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत आणावे लागले. सातव्या महिन्यातच घरी तिची प्रसूती झाली होती. जुळी बाळे वाचली नाहीत. पावसात निसरड्या पायवाटेवरून डोली नेणाऱ्या गावकऱ्यांची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली. रस्ता, रुग्णवाहिका, आरोग्य केंद्र यांवर काही दिवस चर्चा झाली आणि ती विरली.

जव्हार-मोखाड्याची बातमी बहुतेक वेळा मृत्यूचीच असते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली, तेव्हापासून हे दोन तालुके कुपोषणाच्या नकाशावर कायमचे आले. पण अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची सगळीच बाळे दगावत नाहीत. बरीचशी वाचतात. अंगणवाडीत जातात, आश्रमशाळेत शिकतात, वीटभट्टीवर किंवा शेतात राबतात आणि स्वतः आईबाप होतात. त्यांच्या शरीरातील साखर, रक्तदाब, चरबी यांचे पुढे काय होते, याविषयी गेल्या तीन दशकांत बरेच संशोधन झाले आहे. त्यातले अतिशय महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच, पुण्याजवळच्या खेड्यांत झाले आहे.

किती आठवडे म्हणजे ‘अपुरे दिवस’?

शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर गर्भारपण साधारण ४० आठवड्यांचे असते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे म्हटले जाते. ३२ आठवड्यांच्या आतले बाळ फारच अपुरे आणि २८ आठवड्यांच्या आतले अत्यंत अपुरे. ‘सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे नाही’ असे गावोगावी ऐकू येते. त्याला आधार नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांसह संशोधकांनी केलेल्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख भारतातली. म्हणजे पाचातले एक बाळ आपले.

वजनाचा हिशेब यापेक्षा वेगळा आहे. जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी वजन असेल तर ते ‘कमी वजनाचे बाळ’. असे बाळ अपुऱ्या दिवसांचे असू शकते किंवा पूर्ण दिवसांचे असूनही पोटात नीट न वाढलेले. कधी दोन्ही. मोठ्या शहरात पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीमुळे आठवडे नेमके कळतात. पाड्यावर मात्र पाळीची तारीख आठवणीवर अवलंबून असते आणि पहिली सोनोग्राफी बरीच उशिरा होते. त्यामुळे हाती उरते ते वजन. जव्हारसारख्या भागात या दोन गटांच्या बाळांमधली रेषा अनेकदा कागदावर पुसट असते. पुढचे वाचताना हे लक्षात ठेवावे लागेल, कारण काही संशोधन अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर आहे, तर काही लहानखुऱ्या बाळांवर.

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पोटात काय घडते?

बाहेरून पाहिले तर बाळ फक्त ‘भरते’. प्रत्यक्षात या काळात शरीराची बरीच पक्की बांधणी चालू असते.

मूत्रपिंडाचे उदाहरण समजायला सोपे आहे. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक शेवटच्या तिमाहीत तयार होतात आणि ३६व्या आठवड्याच्या सुमारास हे काम थांबते. बाळ ३० आठवड्यांतच बाहेर आले तर उरलेल्या चाळण्या तयार व्हायला फार थोडा अवधी मिळतो आणि नंतर आयुष्यात कधीही नवी चाळणी तयार होत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात फिल्टर कमी बसवले आणि पाणी मात्र तेवढेच सोडले तर प्रत्येक फिल्टरवर दाब वाढणारच. शरीरात साधारण तेच होते. लहानपणी काही जाणवत नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मोठेपणीचा वरचा रक्तदाब पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा सरासरी दोन ते चार अंकांनी जास्त आढळतो. एका माणसाच्या बाबतीत हा फरक किरकोळ. लाखो माणसांच्या बाबतीत किरकोळ नाही.

स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी, स्नायू, यकृतातील लोहाचा साठा यांचीही मोठी भर याच आठवड्यांत पडते. बाळ आधीच बाहेर आले की त्याला ही वाढ काचेच्या पेटीत, नळीतून मिळणाऱ्या दुधावर, जंतुसंसर्गाशी झुंजत करावी लागते. पोटातली सोय आणि बाहेरची सोय यांत फरक राहतोच, मग रुग्णालय कितीही चांगले असो.

वाचलेल्या मुलांचे पुढे काय दिसले?

न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या संशोधकांनी २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा पण फार गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ४ ते १० वर्षांची ७२ मुले. काही ३२ आठवड्यांच्या आसपास किंवा त्याआधी जन्मलेली, काही पूर्ण दिवसांची. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी पडत होता. म्हणजे तेवढीच साखर हाताळायला त्यांना जास्त इन्शुलिन लागत होते. विशेष हे की, त्यांच्यापैकी ज्यांचे वजन आठवड्यांच्या मानाने योग्य होते, त्यांनाही हे लागू होते. म्हणजे केवळ लवकर जन्मणे हीसुद्धा वेगळी जोखीम आहे.

स्वीडनमध्ये जन्माच्या नोंदी आणि पुढच्या आजारांच्या नोंदी एकाच ओळख क्रमांकाने जोडलेल्या असतात. १९७३ ते २०१४ दरम्यान जन्मलेल्या सुमारे ४० लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की, अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्यांमध्ये टाइप २ मधुमेहाची शक्यता इतरांपेक्षा सव्वा ते दीडपट आहे. घाबरून जाण्यासारखा हा आकडा नाही. अपुऱ्या दिवसांची बहुसंख्य मुले मधुमेही होत नाहीत. पण जोखीम आहे आणि ती लक्षणांच्या बरीच आधी ओळखता येते, एवढे यातून नक्की कळते.

या सगळ्याची मुळे ब्रिटनमधील डेव्हिड बार्कर यांच्या कामात आहेत. इंग्लंडच्या हार्टफर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुईणी बाळाचे जन्मवजन आणि एक वर्षाचे वजन वहीत नोंदवत असत. त्या जुन्या वह्या बार्कर यांच्या हाती लागल्या. १९९१ मध्ये त्यांनी आणि निकोलस हेल्स यांनी दाखवले की, जन्मतः हलक्या बाळांमध्ये साठी ओलांडल्यावर मधुमेहाचे प्रमाण अधिक होते. सत्तर वर्षांपूर्वीची वजने कोणी तरी नीट लिहून ठेवली होती, म्हणून हे कळले.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय आढळले?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हे त्याचे नाव. गरोदरपणाआधीपासून स्त्रियांची नोंद ठेवली, मग बाळांची, आणि ती बाळे मोठी होईपर्यंत त्यांचा माग सोडला नाही.

पहिला धक्का मोजमापातच बसला. या गावांतल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. एवढा फरक म्हटल्यावर आपली बाळे सगळ्याच बाबतीत तेवढीच लहान असतील, असे वाटेल. तसे नव्हते. स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी जवळजवळ तेवढीच होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ ही कल्पना जगभर गेली. पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा किती फसवतो, हे सांगायला तो फोटो अजूनही दाखवला जातो.

जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निष्कर्ष नंतरचा आहे. त्या सहा गावांतली मुले १८ वर्षांची झाली, तेव्हा ६१९ जणांची साखर तपासली गेली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर सामान्य पातळीपेक्षा वर होती. जवळजवळ सगळ्यांना मधुमेहपूर्व अवस्था, तिघांना मधुमेह. आणि या ६१९ जणांपैकी ४८ टक्के जणांचे वजन कमी होते. म्हणजे आपण ज्यांना ‘जरा खात जा’ म्हणतो, अशी ही मुले.

साखर वाढलेल्यांची जन्मावेळची लांबी इतरांपेक्षा कमी होती. इन्शुलिन तयार करण्याची त्यांची ताकद लहानपणापासूनच कमी होती. सहाव्या आणि बाराव्या वर्षी ज्यांची उपाशीपोटीची साखर त्यातल्या त्यात वरच्या टोकाला होती, त्यांना १८व्या वर्षी धोका अनुक्रमे अडीचपट आणि चौपट होता. दुखणे अठराव्या वर्षी सुरू झाले नव्हते. खुणा पहिली-दुसरीतच होत्या.

जाडी, बसून काम आणि गोड खाणे हे मधुमेहाचे नेहमीचे चित्र इथे बसत नाही. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आता जागतिक पातळीवरही वेगळी ओळख मिळू लागली आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधनाचा त्यात मोठा वाटा आहे. लहानपणापासून पोषण न मिळालेल्या, सडपातळ तरुणांत दिसणारा हा मधुमेह आहे. त्यात इन्शुलिन बनवणारी यंत्रणाच अपुरी असते.

मग बारीक मुलाला भरपूर खाऊ घालायचे की नाही?

इथे पालकांचा आणि अंगणवाडी सेविकांचाही गोंधळ होतो. तो होणे स्वाभाविक आहे, कारण दोन सल्ले एकमेकांविरुद्ध वाटतात. मूल काट्यावर हलके आले की वजन वाढवा. आणि लहान जन्मलेल्या मुलाचे वजन झपाट्याने वाढले तर पुढे मधुमेह!

उत्तर वयात आहे आणि कशाने वजन वाढते त्यात आहे.

दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा असाच दीर्घ अभ्यास झाला. २००४ मध्ये त्यातील १,४९२ प्रौढांचे निष्कर्ष आले. ज्यांना तिशीच्या आसपास मधुमेह किंवा त्याची पूर्वअवस्था आढळली, ती मुले दोन वर्षांची होईपर्यंत बारीक होती आणि दोन ते बारा या वयात त्यांचा बीएमआय इतरांच्या तुलनेत वेगाने वाढत गेला होता. त्यांतले एकही मूल बाराव्या वर्षी लठ्ठ नव्हते. वर्गातल्या इतर मुलांसारखीच ती दिसत असणार. कुणाच्या नजरेत येण्याजोगे काही नव्हते.

म्हणजे पहिल्या दोन वर्षांत बाळाची उंची आणि स्नायू भरून निघणे चांगले. त्याची मेंदूची वाढ, प्रतिकारशक्ती, जगण्याची शक्यता सगळे त्यावर अवलंबून आहे. जव्हार-मोखाड्यात तर मूल खंगणे हाच आजचा धोका आहे, म्हणून मधुमेहाच्या भीतीने कुणी घास कमी करू नये. तिथे ती चैन परवडणारी नाही. प्रश्न येतो तो उंची खुंटलेली असताना नुसती चरबी चढते तेव्हा. भात आणि पातळ डाळीवर, वर चहा-बिस्कीट आणि पाच-दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटांवर पोट भरते, काटाही थोडा वर सरकतो, पण स्नायू बनवायला लागणारी प्रथिने त्यात नसतात. आता ही पाकिटे पाड्यावरच्या दुकानातही लटकलेली असतात. अंडे, डाळ, शेंगदाणे, दूध, सुकट, नाचणी, पालेभाजी यांतून वाढलेले एक किलो आणि पाकिटांतून वाढलेले एक किलो काट्यावर सारखेच दिसते.

दुधाबद्दलही एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना इतर मातांनी दान केलेले दूध आणि काहींना खास जादा पोषणाची पावडर दिली गेली. मुले १३ ते १६ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आईच्या दुधावर वाढलेल्यांचा रक्तदाब कमी आढळला. जादा पोषण देऊन सुरुवातीला वेगाने वजन वाढवलेल्या गटात इन्शुलिनच्या प्रतिरोधाच्या खुणा अधिक होत्या. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मानवी दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. तेव्हा उद्देश बाळ वाचवण्याचा होता. त्याचा लाभ रक्तदाबापर्यंत पोहोचू शकतो, हे इंग्लंडच्या प्रयोगातून नंतर कळले.

जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न अधिक अवघड का?

एक तर बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची कारणे इथे एकावर एक येतात. कमी वयातील लग्न आणि लागोपाठ बाळंतपणे, रक्तक्षय, हिवताप, काही कुटुंबांत सिकलसेल, आणि दिवस भरत आले तरी न थांबणारे अंगमेहनतीचे काम. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. गरोदर बाईही जाते, तान्हे मूलही जाते. पावसाआधी ती परततात.

या सहा-सात महिन्यांत मुलाच्या वजनाच्या तक्त्यात मोकळी जागा राहते. गावात आशाताईने घरी येऊन बाळ पाहायचे असते. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाली असेल तर सात. पुढे १५ महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी एक भेट. पद्धत चांगली आहे. तिची बीजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ३९ गावांच्या प्रयोगात आहेत. प्रशिक्षित गावकरी स्त्रीने घरीच काळजी घेऊन नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटवता येतात, हे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते. पण आशाताई खोडाळ्याजवळच्या पाड्यावर आणि बाळ भिवंडीच्या भट्टीवर असेल, तर भेट कशी होणार?

अंतराचाही हिशेब आहे. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय हा मोठा आधार. बाळाची प्रकृती जास्त बिघडली की नाशिक किंवा ठाणे-मुंबई. त्यामुळे एकाच बाळाची कागदपत्रे तीन ठिकाणी विखुरतात. कमी दिवसांच्या बाळाच्या सुट्टीच्या कागदावर किती आठवड्यांचे, किती वजनाचे, किती दिवस प्राणवायू लागला, अशी मोलाची माहिती असते. पहिल्या पावसाळ्यात तो कागद कुडाच्या घरात भिजतो, आणि संपते.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, जिचा त्रास सेविकांना रोज होतो. वाढीचा तक्ता जन्मतारखेवरून वय मोजतो. ३० आठवड्यांचे बाळ दहा आठवडे लवकर आलेले असते. ते चार महिन्यांचे झाले, तेव्हा त्याची तुलना दीड-पावणेदोन महिन्यांच्या बाळाशी व्हायला हवी. याला दुरुस्त वय म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत ते वापरतात. ते न धरल्यास नीट वाढणारे बाळही तीव्र कमी वजनाच्या रकान्यात जाते आणि घरचे त्याला लवकर बाटलीचे दूध किंवा बिस्कीट पाजायला लागतात. गरज एका वजाबाकीची असते.

पुण्याचे उत्तर इथे जसेच्या तसे उचलूनही चालणार नाही. पुण्याच्या गावांत मातांमधील बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता हा मोठा धागा निघाला, कारण आहार बराचसा शाकाहारी. जव्हारकडे खेकडे, ओढ्यातले मासे, सुके बोंबील, कोंबडी खाल्ली जाते. तिथली कमतरता वेगळी असू शकते. एकूण अन्नच कमी पडणे, हे तिचे साधे उत्तरही असू शकेल. या लेखात उल्लेखलेले कोणतेही दीर्घ अभ्यास या डोंगरातल्या मुलांवर झालेले नाहीत.

सुरुवात आईपासून करायची तर?

राज्य सरकारने २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एकदा चौरस गरम जेवण, नंतर मुलांना अंडी किंवा केळी. कल्पना योग्य आहे, पण मुंबईतला एक प्रयोग वेळेबद्दल सावध करतो. डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने मुंबईच्या वस्त्यांत २००६ पासून स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला, तोही गर्भ राहण्याच्या आधीपासून. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आलेले दिसले. बाळाचे वजन मात्र ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केली होती, त्यांच्यातच थोडे वाढले. गर्भ राहिल्यावर जेवण सुरू करणे उशिराचे ठरू शकते. म्हणजे योजनेचे ताट आश्रमशाळेतल्या मुलीपर्यंत जायला हवे, आणि तिथे ते नेमके कसे असते, हा वेगळ्या बातमीचा विषय आहे.

पालकांच्या हातात काय आहे?

जन्मानंतरचे पहिले काम स्वस्त आहे. बाळाला आईच्या किंवा बापाच्याही उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणे, म्हणजे कांगारू पद्धत. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. त्याबरोबर सहा महिने केवळ आईचे दूध. चोखता येत नसेल तर काढून, वाटी-चमच्याने किंवा पळीने.

त्यानंतर कागद जपणे. माता-बाल संरक्षण कार्डावर जन्मवजन असते. त्याच्या शेजारी जन्म किती आठवड्यांत झाला, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि दोन्हीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कार्ड भिजले तरी फोटो नातेवाइकाच्या फोनमध्ये राहतो. मुलाला पुढे कोणत्याही आजारासाठी डॉक्टरकडे नेले, की ‘हा आठव्या महिन्याचा आहे’ हे वाक्य आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

वजनाबरोबर उंची मोजायचा आग्रह धरावा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या सूचनांनुसार ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा रक्तदाब तीन वर्षांच्या आधीपासूनच तपासावा. त्यासाठी लहान मापाचा पट्टा लागतो. मोठ्या माणसाच्या पट्ट्याने घेतलेला मुलाचा आकडा चुकतो. साखरेची तपासणी दर मुलाला दर वर्षी करण्याची गरज नाही. पण वयात येताना पोट सुटू लागले, मानेवर काळपट जाड त्वचा दिसली किंवा घरात कोणाला मधुमेह असेल तर ती करून घ्यावी. मूल बारीक आहे म्हणून ती टाळू नये.

सरकारी तपासणी केव्हा सुरू होते?

आशाताईंच्या भेटी १५ महिन्यांवर थांबतात. अंगणवाडी सहाव्या वर्षी सुटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, १८ वर्षांपर्यंत. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब हे त्याचे विषय. त्यानंतर मधुमेह आणि रक्तदाबाची घरोघरची सरकारी तपासणी सुरू होते ती तिशीनंतर. पुण्याजवळच्या गावांत ३७ टक्के मुलांची साखर वर गेलेली आढळली, ती अठराव्या वर्षी. आश्रमशाळा जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली आहेत, मुले तिथे वर्षानुवर्षे एकाच छताखाली राहतात. रक्तदाबाचा पट्टा आणि उंचीची पट्टी यांसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

वावर-वांगणीच्या त्या वर्षात जन्मलेली आणि वाचलेली मुले आता तिशी ओलांडून गेली आहेत. म्हणजे ती या तपासणीच्या वयात आली. आशाताई त्यासाठी जो अर्ज भरते, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजार विचारून गुण दिले जातात. चारपेक्षा जास्त गुण आले की त्या व्यक्तीला तपासणीत प्राधान्य. दिवसभर भट्टीवर विटा उचलणारा, सडसडीत कमरेचा, तंबाखू-दारूपासून दूर असलेला आणि आईबापांची साखर कधी तपासलीच न गेलेला बत्तीस वर्षांचा माणूस या अर्जात वयाचा एक गुण मिळवतो. जन्माच्या वेळी तो किती किलोचा होता, हा प्रश्न अर्जात नाही.